मुलाला सलाईनची सुई लावताना: पालकांचे नेहमीचे प्रश्न

लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून माझी बावीस वर्षं गेली. रात्री दोन वाजता सुजलेल्या हातातलं इंट्राकॅथ, म्हणजे सलाईन ज्यातून जातं ती सुई-नळी, बदलायला घेतलं की आई, बाबा, आजी, कधी गावाहून आलेला मामा मला जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतलेत. औषधाचं माप तुमचे डॉक्टर ठरवतील. बाकीच्या बऱ्याच गोष्टी तुमच्या हातात असतात, फक्त त्या कुणी सांगत नाही.

सुई हातात तशीच राहते का?

नाही. पण हा समज इतका पक्का असतो, की पाच-सहा वर्षांची मुलं दोन-दोन दिवस हात लाकडासारखा ताठ धरून झोपलेली मी पाहिलीत. सुई फक्त वाट करून देते. तिच्यावर मऊ प्लॅस्टिकची नळी चढवलेली असते. टोक शिरेत गेलं की मागच्या पारदर्शक भागात रक्त दिसतं, मग नळी पुढे सरकवायची आणि सुई काढून डब्यात टाकायची. आत राहते ती नुसती नळी.

आम्ही एका कोऱ्या इंट्राकॅथची सुई काढून टाकतो आणि ती नळी मुलांच्या हातात देतो. मुलं ती वाकवतात, गालाला लावून बघतात. मग विचारतात, "एवढीच?" या एका शब्दासाठी एक इंट्राकॅथ वाया गेलं तरी मला चालतं.

रंगावरून जाडी कळते. पिवळं २४ नंबरचं, निळं २२चं, जांभळं २६चं. नंबर जितका मोठा तितकी नळी बारीक. बाळांना बहुधा पिवळं लावतात, अगदी नाजूक बाळाला जांभळं.

पण सलाईन लावायलाच हवं का?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा, पण आपल्याकडे उलटंच होतं. "एक बाटली लावून टाका, तरतरी येईल" असा आग्रह पालकच धरतात. जुलाबाने थोडं कोमेजलेलं मूल तोंडाने पीत असेल, लघवीला होत असेल, तर जलसंजीवनी पुरते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांची छावणी पश्चिम बंगालमधल्या बनगावला होती. तिथे पटकी पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रमात मीठ-साखरेचं पाणी कालवून नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसवरून चारच्याही खाली आलं. टोचायचंच नाही, यापेक्षा कमी दुखणारा उपाय कुठला?

मूल सुस्त पडलं असेल, पोटात काही ठरत नसेल, शिरेतूनच द्यायची प्रतिजैविकं असतील, डेंग्यूत रक्तदाब खाली जात असेल, तर मात्र शीर हवीच. तिथे घासाघीस करू नका.

तान्ह्या बाळाला दुखणं कळतं तरी का?

कळतं. १९८०च्या दशकापर्यंत मोठमोठे डॉक्टरसुद्धा मानायचे, की नवजात बाळाची मज्जासंस्था कच्ची असते, त्याला वेदना जाणवत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची ऑपरेशनंसुद्धा नावापुरत्या भुलीवर उरकली जायची. हा समज मोडणाऱ्यांत इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद पुढे होते. वेदनाशामक नीट दिलं तर ऑपरेशनचा ताण बाळाच्या शरीरावर कमी येतो, हे त्यांनी ऑक्सफर्डमध्ये दाखवलं. तो अभ्यास १९८७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

दुसरी गोष्ट, बाळ ते विसरतही नाही, निदान त्याचं शरीर तरी विसरत नाही. जन्मल्यावर सुंता झालेल्या मुलग्यांना काही महिन्यांनी लस दिली तेव्हा ते इतरांपेक्षा जास्त रडले, आणि बधिर करणारं मलम लावून सुंता केलेल्यांना त्या मानाने कमी त्रास झाला, असं कॅनडातल्या संशोधकांनी १९९७ साली नोंदवलं. तेव्हा "लहान आहे, विसरून जाईल" हे आता पुरे.

"दुखणार नाही" असं सांगू का?

नका. मी नवीन असताना प्रत्येकाला म्हणायचे, "मुंगी चावल्यासारखं होईल हं." एका सात वर्षांच्या मुलाला असंच सांगून टोचलं. दुसऱ्या दिवशी हात सुजला, नवीन सुई लावायला गेले, तर तो पांघरुणातून डोळे बाहेर काढून म्हणाला, "आज केवढी मुंगी आणलीय?" त्यानंतर तीन दिवस तो माझ्याकडून साधी गोळीही घेईना.

खरं सांगा, पण मोजून. "एक टोचणी बसेल, आपण पाच आकडे म्हणेपर्यंत. मग नळी राहील, ती टोचत नाही." मुलाला दुखण्यापेक्षा जास्त धाक असतो तो 'हे कधी संपणार' याचा. शेवट कुठे आहे हे कळलं की बरीच मुलं तग धरतात.

आधी किती वेळ सांगून ठेवावं?

दोन-तीन वर्षांच्या मुलाला अगदी आयत्या वेळी, दोन वाक्यांत. चार ते सहाच्या मुलाला थोडं आधी, बाहुलीला पट्टी लावून दाखवत. त्याहून मोठ्याला आदल्या दिवशी सांगितलं तरी चालतं, त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो. सकाळी फिरायला नेतो म्हणून रिक्षात बसवायचं आणि हॉस्पिटलच्या दारात उतरवायचं, हे मात्र कुठल्याही वयाला करू नका. पुढच्या वेळी ते मूल रिक्षातच बसणार नाही.

बधिर करणारं मलम मिळतं म्हणे?

मिळतं, आणि त्याचा वापर आपल्याकडे जितका व्हायला हवा तितका होत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन या दोन औषधांचं ते मिश्रण असतं, दोन्ही अडीच-अडीच टक्के. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात मिळतं.

ते काम करत नाही असं जे सांगतात, त्यांनी बहुतेक वेळा ते क्रीमसारखं चोळलेलं असतं. चोळायचं नाही. जिथे शीर दिसते तिथे जाडसर थर ठेवायचा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावून झाकायचं. मग निदान एक तास थांबायचं. पंधरा मिनिटांत पुसून टाकलं तर लावल्याचा उपयोग शून्य. सिस्टरला विचारून दोन जागी लावा, पहिली शीर हुकली तर दुसरी जागा बधिर हवी. पट्टी काढल्यावर कातडी पांढुरकी दिसते आणि शीर थोडी आकसलेली असते, म्हणून पाच-दहा मिनिटं जाऊ देतो. पट्टी काढल्यावरही परिणाम तासभर टिकतो, त्यामुळे घाई नसते.

ऑपरेशन किंवा एमआरआय ठरलेला असेल तर जागा आधी विचारून घ्या आणि घरून निघतानाच मलम लावा. रस्त्यातला तास कामी येतो. पट्टीवरून पायमोजा किंवा रुमाल बांधा. नाहीतर मुलं ती उचकटतात आणि मलम चाटतात.

जपायचं कुठे? तीन महिन्यांखालचं बाळ, अपुऱ्या दिवसांचं बाळ, जी-सिक्स-पी-डी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असलेलं मूल, सल्फा किंवा डॅप्सोन ही औषधं घेणारं मूल. प्रिलोकेनमुळे क्वचित रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते आणि ओठ निळसर पडतात. म्हणून माप आणि वेळ डॉक्टरांकडूनच घ्या. जखमेवर किंवा चिरलेल्या, खाजऱ्या कातडीवर लावू नका.

आणीबाणीत तासभर थांबता येत नाही, हे उघड आहे. तेव्हा मलमाचा हट्ट सोडा. पुढचं बाकी सगळं तरीही करता येतं.

बाळ दूध पीत असताना टोचू देतील का?

विचारा तर खरं. अंगावर पाजत असताना टोचलं तर बाळं कमी रडतात. आईचा वास, ऊब, गोड चव आणि चोखणं, चारही गोष्टी एकत्र मिळतात. बाळाने नीट तोंड लावल्यावर दोन मिनिटं जाऊ द्यायची, मग त्याचा एक हात किंवा पाय दुपट्यातून बाहेर काढायचा. ठसका लागेल अशी भीती असते, पण अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. सिस्टरला जरा वाकून काम करावं लागतं, तेवढंच. माझी कंबर दुखते, पण बाळाच्या किंकाळीपेक्षा ते परवडतं.

पाजणं शक्य नसेल तर जिभेवर साखरपाण्याचे काही थेंब, टोचण्याच्या दोन मिनिटं आधी. हॉस्पिटलात त्यासाठी साधारण २४ टक्क्यांचं द्रावण वापरतात, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज. गंमत अशी, की हेच पाणी नळीने थेट पोटात घातलं तर काही फरक पडत नाही. जादू जिभेवरच्या गोडीची आहे. काम लांबलं तर थोडं थोडं परत द्यावं लागतं. बाळाला उपाशी ठेवायला सांगितलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आजी मधाचं बोट पुढे करतात. वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, त्याने बोट्युलिझमची विषबाधा होऊ शकते.

आम्ही बाहेर थांबायचं की आत?

आत. आणि नुसतं आत नाही, मूल तुमच्या मांडीवर.

या एका उत्तरासाठी मी हे सगळं लिहायला बसले. वर्षानुवर्षं आमची पद्धत होती: पालकांना बाहेर काढायचं, मुलाला टेबलावर आडवं करायचं, वॉर्डातला एक मामा पाय धरणार, वॉर्डातलीच एक मावशी खांदे दाबणार, मी हात. चादरीत गुंडाळायचं ते वेगळंच. मूल ओरडायचं ते सुई टोचायच्या कितीतरी आधीपासून. तीन-चार माणसांनी उताणं दाबून धरलेलं असताना मोठा माणूससुद्धा घाबरेल. आणि धडपडणाऱ्या हातात शीर सापडणार कशी?

गेल्या पावसाळ्यात चार वर्षांची एक डेंग्यूची मुलगी आली. आधी दुसरीकडे तिला तीन वेळा टोचून झालेलं, दोन्ही हातांवर निळे डाग. टेबल दिसताच तिने आईच्या पदराला जे धरलं, ते सोडेना. मी टेबलाचा नाद सोडला. आईला खुर्चीवर बसवलं, मुलीला तिच्याकडे तोंड करून मांडीवर, पाय आईच्या कमरेभोवती. तिचा डावा हात आईच्या काखेखालून मागे काढला आणि मी आईच्या पाठीमागे स्टूल घेऊन बसले. मुलीला मी दिसत नव्हते, सुई दिसत नव्हती. आई तिच्या कानात घरच्या मांजरीच्या पिल्लांची नावं घेत होती. सुई गेली तेव्हा मुलगी एकदा "आई गं" म्हणाली, आणि पुढे, "काळ्याचं नाव राहिलं." मी पट्टी लावत होते आणि आईच्या बांगड्या थरथरत होत्या. रडत होती ती आईच.

तर अशी बसण्याची पद्धत मागून घ्या. छातीला छाती लावून, किंवा मुलाची पाठ तुमच्या छातीला टेकवून, हाताची मिठी घालून. हात स्थिर धरायचं काम सिस्टर करेल, तुम्ही फक्त कुशीत घ्यायचं. तुम्हाला स्वतःला रक्त बघवत नसेल तर लाजू नका, आजोबांना किंवा मावशीला बसवा. खुर्चीवरून कोसळलेले दोन बाबा मी उचललेत.

शक्य असेल तर हे काम पलंगावर न करता वेगळ्या खोलीत करायला सांगा. पलंग ही मुलाची हक्काची जागा, तिथे कुणी टोचणार नाही एवढा भरवसा त्याला हवा.

त्या वेळी बोलायचं काय?

"काही नाही झालं, काही नाही झालं, झालंच आता" हे आपल्या तोंडून आपोआप निघतं. पण अशा समजुतीने मुलं जास्त घाबरतात, असं संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. मूल विचार करतं: काही नाही तर आई अशा आवाजात का बोलतेय? माफी मागत राहणं हे त्याहून वाईट. त्यापेक्षा भलतंच काहीतरी बोला. काल क्रिकेटमध्ये कोण आऊट झालं, डब्यात काय होतं, शेजारच्यांचा कुत्रा.

बोलणारा माणूसही एकच हवा. आई एक सांगते, बाबा दुसरं, मावशी "रडू नको रे", मी "हात हलवू नको": या गलक्यात मूल भंजाळतं. आम्ही आधीच ठरवतो की कोण बोलणार. बाकीच्यांनी गप्प.

मोबाइल दिला तर चालेल?

चालेल, एरवी तुम्ही मोबाइलच्या कितीही विरोधात असलात तरी. फक्त कार्टून नुसतं चालू करून समोर धरू नका, त्याबद्दल प्रश्न विचारत राहा. मूल जितकं गुंतेल तितकं बरं. फुंकायचं काही असेल तर आणखी चांगलं: साबणाचे फुगे, भिरभिरं. फुंकताना श्वास आपोआप लांब होतो. शाळकरी मुलांना ऐन टोचण्याच्या क्षणी खोकायला सांगतो, त्याचाही उपयोग होतो. बाळाच्या मोकळ्या हाताची बोटं करंगळी-मरंगळी करत मोजायला तर काहीच लागत नाही.

कोपर आपटलं की आपण ते चोळतो. स्पर्शाचा संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाची वाट अडवतो, असा सिद्धांत मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडला. थंडावा आणि थरथर एकत्र देणारी छोटी यंत्रं याच तत्त्वावर चालतात. तुमच्या हॉस्पिटलात ते यंत्र नसेल तर टोचण्याच्या जागेच्या जरा वर आईने हात चोळत राहावं.

शीर सापडत नसेल तर किती वेळा टोचू द्यायचं?

चांगल्या वॉर्डाचा नियम असा: एका माणसाने दोनदा, मग हात जोडून दुसऱ्याला बोलवायचं. माझाही हात कधी कधी लागत नाही. ज्या दिवशी लागत नाही त्या दिवशी लागतच नाही. पालकांनी शांतपणे विचारलं, "सिस्टर, दुसऱ्या कुणाला बोलवता का?" तर त्यात अपमान काही नाही.

आधी कोमट कापडाने हात शेकला तर शीर वर येते. कोमट म्हणजे कोमट, चटका नाही. पाणी पिता येत असेल तर पाजा. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायला सांगा, ओल्या स्पिरिटवर टोचलं की जास्त चुरचुरतं. रबराचा पट्टा उघड्या कातडीवर न बांधता बाहीवरून बांधला तर चिमटा बसत नाही. आणि मूल कुठला अंगठा चोखतं, कुठल्या हाताने लिहितं, हे आधीच सांगा. तो हात आम्ही शक्यतो सोडतो.

झोपेचं औषध देऊन लावता येत नाही का?

साध्या सलाईनसाठी सहसा नाही. गुंगीच्या औषधाला देखरेख लागते, पोट रिकामं लागतं. परदेशात काही ठिकाणी नाकावर मास्क धरून नायट्रस ऑक्साइड हा गुंगी आणणारा वायू हुंगवतात, आपल्याकडे ते मोजक्या ठिकाणी. पण प्रत्येक वेळी आकांत करणाऱ्या, वारंवार टोचून घ्यावं लागणाऱ्या मुलासाठी डॉक्टरांशी हे जरूर बोला.

आमच्या मुलाला थॅलेसेमिया आहे, हे दर महिन्याचंच.

तुमच्यासाठी पहिल्या काही वेळा फार मोलाच्या. दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं असतं, आणि पहिला अनुभव दाबून धरल्याचा असेल तर पुढचे सगळे त्याच भीतीत जातात. मलम दर वेळी लावा, "आता सवय झाली" म्हणून सोडू नका. दुखण्याची सवय होत नाही, फक्त मुलं बोलायचं सोडतात. मुलाला निवडू द्या: कुठला हात, कुणाच्या मांडीवर, बघायचं की नाही. टोचून घ्यायचं की नाही हे त्याच्या हातात नाही, तेव्हा बाकीचं तरी असावं. कॅन्सरच्या लांब उपचारात छातीत पोर्ट, म्हणजे कातडीखाली शिरेला जोडलेली छोटी डबी, बसवतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. पोर्टला टोचतानाही मलम चालतं.

मुलगी चौदाची आहे, सुई बघितली की चक्कर येते.

आडवं करूनच लावा. मांडीचा नियम इथे उलटा. चक्कर येतेय असं वाटलं तर पायांचे आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे. रक्तदाब खाली जात नाही. "एवढी घोडी झालीस तरी" हे वाक्य घरी ठेवून या.

लावून झाल्यावर काय बघायचं?

जागा दुखतेय, सुजलीय, लाल किंवा पांढरी-गार पडलीय, सलाईन थेंबथेंब अडतंय: यातलं काहीही दिसलं तर लगेच सिस्टरला हाक मारा, रात्र असली तरी. शिरेबाहेर गेलेलं औषध कातडीला इजा करू शकतं. लहान बाळ सांगू शकत नाही, म्हणून दोन्ही हात शेजारी ठेवून जाडी ताडून बघा.

काढताना मुलं नळीपेक्षा चिकटपट्टीला घाबरतात. कोमट पाण्याने भिजवून, कातडीला समांतर, हळूहळू सोडवायला सांगा. मोठ्या मुलांना स्वतःची पट्टी स्वतः सोडवायला आवडते. मी देते. नळी निघाल्यावर कापसाने दोन-तीन मिनिटं दाबून धरा.

घरी आजी म्हणतात, "जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील." काय करू?

आजींना माझा निरोप द्या: बागुलबुवाला बोलवा, आम्हाला नको.

घरी गेल्यावर हा विषय काढावा का?

काढावा, आणि जे जमलं त्यापासून सुरू करावा. मुलांची आठवण पहिल्या दिवशी पक्की होत नाही, आपण ती कशी सांगतो त्यावर ती पुढे घडते. "किती रडलास रे" असं पाहुण्यांसमोर सांगितलं की तेवढंच उरतं. "रडलास, पण हात हलवला नाहीस, आणि पाच म्हणायच्या आत झालं" हेही तितकंच खरं असतं. मूल खेळण्यातल्या अस्वलाला टोचत बसलं तर टोचू द्या. त्या डेंग्यूच्या मुलीच्या आईने नंतर मला फोटो दाखवला: घरच्या काळ्या पिल्लाच्या पंजाला मायक्रोपोरची चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि पिल्लू मांडीवर, तोंड आत, पंजा काखेखालून मागे काढलेला.